चेहऱ्यासाठी कॅमेरा निवडताना

भाईंदर पश्चिमेला गाडीतून उतरून उत्तनची बस धरली, की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं मागे पडतात आणि वाऱ्याबरोबर सुक्या मासळीचा वास येऊ लागतो. बांबूंवर बोंबील वाळत असतात. जवळच एखादी कोळीण आजी बसलेली असते. असा चेहरा टिपून ठेवावा, असं कुणालाही वाटेल. पण कॅमेऱ्याचे पैसे साठवायला हौशी माणसाला वर्ष-दोन वर्षं लागतात. ते चुकीच्या जागी जाऊ नयेत, म्हणून आजच्या ह्या चार गोष्टी.

मिररलेस म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा. जुन्या एसएलआरमध्ये भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून डोळ्याकडे वळे. इथे आरसाच नाही. प्रकाश थेट आतल्या सेन्सरवर पडतो आणि डोळा लावाल तिथे छोट्या पडद्यावर चित्र दिसतं. २००८ साली पॅनासोनिकचा जी-१ आला आणि पुढे ही जात रुळली.

आता तुम्ही म्हणाल, चेहऱ्याला ह्याचा उपयोग काय? उपयोग असा. आजीच्या मागे उजळ आभाळ असलं, तर फोटोत चेहरा काळवंडतो. ह्या पडद्यावर ते आधीच दिसतं. चकती फिरवून उजेड वाढवा, मगच बटण दाबा. शिवाय नवे कॅमेरे माणसाचा डोळा स्वतः हुडकून त्यावर फोकस धरतात. घेताना ही सोय आहे ना, ते जरूर पाहा.

पण खरी मेख भिंगात आहे, बरं का! अगदी जवळून फोटो काढला, की नाक मोठं आणि कान लहान दिसतात. कारण नाक कॅमेऱ्याला कानापेक्षा बरंच जवळ असतं. दोनएक मीटर मागे सरलात, की तो फरक नगण्य होतो. मग तेवढ्या अंतरावरून चेहरा चौकटीत भरायला लांब पल्ल्याचं भिंग हवं. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फुल फ्रेम सेन्सरला ८५ मिलिमीटरचं, आणि त्याहून लहान, स्वस्त अशा एपीएस-सी सेन्सरला ५० ते ५६ मिलिमीटरचं.

भिंगाचं तोंडही मोठं हवं. कॅमेऱ्याबरोबर मिळणारं झूम भिंग लांब टोकाला बहुधा एफ ५.६ किंवा त्याहूनही अरुंद असतं. एफ १.८ चं भिंग ५.६ च्या मानाने सुमारे दहापट प्रकाश घेतं. संध्याकाळी ओटीवर बसलेल्या आजोबांसाठी हा फरक मोठा. मागची दोरी, बादली, कपडेही त्यात पुसट होतात. म्हणून माझं सांगणं असं, की कॅमेरा साधा, हवा तर वापरलेला घ्या. पण उरलेले पैसे भिंगात घाला. घेण्याआधी त्या कंपनीच्या माउंटला बसणारी भिंगं परवडतात का, ते विचारा. एकीचं भिंग दुसरीला सहसा थेट बसत नाही.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी आणखी एक करावं. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून कॅमेरा ठेवा, आणि खारं वारं लागलं, की मऊ फडक्याने पुसा.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांचे फोटो पालकांना विचारूनच काढा. आणि आजीचा काढलात, तर एक छापील प्रत तिच्या हाती नेऊन द्या.