आघाडीवीराचा अर्धा सेकंद

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी, देवगाव रंगारीला गेलो होतो. संध्याकाळी काही मुले माळावर दोन दगड मांडून फुटबॉल खेळत होती. दहावीतला एक मुलगा लांबून जोरजोरात फटके मारी आणि गोलरक्षक जवळजवळ प्रत्येक चेंडू अडवी. शेवटी तो वैतागून मला म्हणाला, "सर, मला आघाडीवीर व्हायचंय. पण माझ्या पायात जोरच नाही."

जोर त्याच्या पायात भरपूर होता. उणे होते ते वेगळेच. ते काय, हे आपण थोड्या गणिताने पाहू.

फुटबॉलच्या गोलाची रुंदी ७.३२ मीटर असते. पेनल्टीची खूण गोलाच्या बरोबर समोर ११ मीटरवर असते. वहीत १ सेंटिमीटर म्हणजे १ मीटर असे प्रमाण घेऊन आकृती काढा. त्या खुणेपासून दोन्ही खांबांकडे रेषा काढून मधला कोन कोनमापकाने मोजा. तो सुमारे ३७ अंश भरेल. आता तेवढेच आणखी मागे, म्हणजे २२ मीटरवर जा. कोन उरतो १९ अंश. आणि मागे न जाता पेनल्टीच्या खुणेपासून ११ मीटर बाजूला सरकलात तर? तेव्हाही कोन सुमारे १९ अंशच! म्हणजे गोल तोच, पण उभे राहण्याच्या जागेनुसार त्याचे दार निम्मे मिटते.

आता वेळेचा हिशेब करू. ताशी ९० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला २५ मीटर जातो. हवेचा विरोध तूर्त सोडून द्या. ११ मीटर जायला त्याला ०.४४ सेकंद लागतात, म्हणजे अर्धा सेकंदही नाही. डोळ्याने पाहून शरीर हलू लागेपर्यंत माणसाचा सुमारे ०.२ सेकंद जातो. गोलरक्षकाला झेप घ्यायला उरले ०.२४ सेकंद. तोच फटका २२ मीटरवरून मारला, तर चेंडूला ०.८८ सेकंद लागतात आणि गोलरक्षकाच्या हाती ०.६८ सेकंद उरतात. अंतर दुप्पट झाले, पण त्याचा वेळ जवळजवळ तिप्पट झाला. आमच्या त्या मित्राचे फटके का अडत होते, हे आता ध्यानात आले ना?

तेव्हा आघाडीवीराचे खरे काम फटक्याच्या आधीच सुरू होते. रुंद कोनाच्या जागी बचावपटूच्या आधी पोचणे, हे ते काम. दोघेही सेकंदाला ७ मीटर धावत असले आणि आघाडीवीर ०.२ सेकंद आधी निघाला, तर तो १.४ मीटर पुढे राहतो. फटका मारायला एवढी मोकळीक पुष्कळ झाली.

मूळच्या गोव्याच्या आणि मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळलेल्या नेव्हिल डिसूझा यांचे नाव तुम्ही ऐकले आहे का? १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यांतले तीन गोल डिसूझांचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाने भारताला ४-१ असे हरवले, तेव्हा भारताचा एकमेव गोलही त्यांचाच होता. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. गोलांची नोंद अशी इतिहासात राहते. पण त्यासाठी केलेल्या, चेंडू न मिळताच संपलेल्या अनेक धावांची नोंद कोणी ठेवत नाही.

त्या काळी बरेच खेळाडू कंपनीत नोकरी करून तिच्याच संघातून खेळत. आज फुटबॉल हाच पूर्णवेळ व्यवसाय होऊ शकतो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढे इंडियन सुपर लीगमध्ये व्यावसायिक खेळाडू झाला. मात्र हा व्यवसाय अल्पायुषी आहे. बहुतेकांची कारकीर्द पस्तिशीच्या आसपास संपते. एखादी दुखापत ती त्याआधीही संपवते.

वयाबरोबर वेग घटतो. समजा, तो सेकंदाला ७ मीटरवरून ६.३ मीटरवर आला. तर १० मीटर धावायला सुमारे ०.१६ सेकंद जास्त लागतात. पण चेंडू कोठे येणार हे त्याने तेवढेच आधी ओळखले, तर तोटा भरून निघतो! म्हणूनच काही आघाडीवीर तिशीनंतरही गोल करत राहतात. पाय मंदावतात, पण नजर मुरलेली असते.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, "जोर येईल. आधी जागा शोध. आणि अभ्यास सोडू नकोस. पस्तिशीनंतरही बरेच आयुष्य असते."

पुढच्या वेळी सामना पाहाल, तेव्हा पाच मिनिटे चेंडू सोडून आघाडीवीराकडे पाहा. चेंडू जवळ नसताना तो काय करतो, ते वहीत टिपा आणि वर्गात आकृती काढून मित्रांना समजावून सांगा.