परका, पेढी आणि कायदा

परदेशांतून आलेला मनुष्य एखाद्या गांवीं उतरला कीं त्याच्यापुढें तीन प्रश्न उभे राहतात. येथें राहण्याची परवानगी कोणाची घ्यावयाची? येथें धंदा केल्यास तो कोणत्या कायद्याखालीं चालणार? आणि अन्याय झालाच तर दाद कोणाकडे मागावयाची? भाषेची अडचण दुभाष्यानें भागते, अन्नपाण्याची संवयीनें भागते. परंतु या तीन प्रश्नांचीं उत्तरें कायदा जाणणाऱ्यासच देतां येतात. तीं वेळेवर मिळालीं नाहींत तर काय ओढवतें, हें समजून घेण्यास छत्रपति संभाजीनगरच्या छावणीचा इतिहास फार उपयोगी आहे.

जुन्या औरंगाबाद शहराच्या पश्चिमेस खाम नदी ओलांडली कीं छावणीची हद्द लागते. आज ती भारतीय सैन्याची छावणी आहे. एकोणिसाव्या शतकांत मात्र येथील स्थिति मोठी चमत्कारिक होती. जमीन निजामाची, फौजेचा पगार निजामाच्या खजिन्यांतून, आणि फौजेवरील अंमलदार इंग्रज! ज्या जागेचा धनी एक आणि हुकूम दुसऱ्याचा, त्या जागीं परक्या व्यापाऱ्यानें कोणाच्या कायद्यावर विसंबावें, हा प्रश्न आपोआपच निर्माण होतो. तो प्रथम निर्माण झाला तो याच फौजेच्या पगारावरून.

१८१४ सालीं हैदराबाद येथें विल्यम पामर आणि कंपनी या नांवाची एक पेढी निघाली. पामर याचा बाप इंग्रज सेनापति आणि आई हिंदुस्थानी मुसलमान घराण्यांतील होती. त्याचा जन्मही इकडचाच. निजामाचें दिवाणीचें काम त्या काळीं वस्तुतः राजा चंदूलाल पाहत असे. खजिना नेहमींच रिकामा आणि फौजेचा पगार नेहमींच थकलेला, त्यामुळें दरबारास कर्ज हवें होतें; पेढीपाशीं तें देण्याची ऐपत होती. आड येत होता तो विलायतेचा कायदा. १७९७ सालच्या एका कायद्यानें ब्रिटिश प्रजाजनांस हिंदी संस्थानिकांना सरकारच्या संमतीवांचून कर्ज देण्याची मनाई केलेली होती. त्याच्याहि आधीं, १७७३ सालच्या कायद्यानें, कोणाहि ब्रिटिश प्रजाजनानें हिंदुस्थानांत शेंकडा बारांहून अधिक व्याज घेऊं नये असें ठरविलें होतें.

पहिली अडचण पेढीनें १८१६ सालीं दूर केली. लॉर्ड हेस्टिंग्ज गव्हर्नर-जनरल असतांना कलकत्त्याच्या सरकारकडून तिनें कर्जव्यवहाराचा परवाना मिळविला. पुढें १८१८ सालीं औरंगाबाद आणि वऱ्हाडकडील फौजेच्या पगारासाठीं पेढीनें दरमहा दोन लक्ष रुपये पुरवावे, आणि त्याच्या फेडीकरितां वर्षाला तीस लक्षांच्या वसुलाचे तनखे तिला तोडून द्यावे, असा करार झाला. सैनिकाला पगार वेळेवर मिळूं लागला, रेसिडेंट हेन्री रसेल संतुष्ट झाला, चंदूलालाची चिंता मिटली. १८२० सालीं आणखी साठ लक्षांच्या कर्जाची बोलणी पुरी झाली. पेढीचा एक भागीदार सर विल्यम रंबोल्ड हा गव्हर्नर-जनरलच्या पालित कन्येचा नवरा होता. तेव्हां या पेढीला धक्का बसेल असें कोणास वाटणार?

परंतु नेमकें तेंच झालें. विलायतेंतील संचालकांस हा व्यवहार पसंत नव्हता. त्यांनीं परवाना रद्द करण्याचा हुकूम पाठविला. त्याच सुमारास रसेलच्या जागीं चार्लस मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला. जबर व्याजाखालीं निजामाचें राज्य पिळून निघत आहे, असें त्याचें मत झालें. १८२३ सालीं कंपनी सरकारनें उत्तर सरकार प्रांताबद्दल निजामाला द्यावयाच्या वार्षिक सात लक्षांच्या पेशकशीचा एकरकमी हिशेब करून पेढीचें कर्ज भागविलें आणि तिचा दरबाराशीं संबंध तोडला. १८२४ सालीं पेढी बुडाली. तिच्याबरोबर बुडाल्या त्या तिच्यावर विश्वासून पैसा ठेवणाऱ्यांच्या ठेवी.

या कथेचा शेवट कायद्याच्या दृष्टीनें विशेष बोधप्रद आहे. स्वतंत्र राजाच्या मुलखांत वास्तव्य करून राहिलेल्या ब्रिटिश प्रजाजनास शेंकडा बारा व्याजाची मर्यादा लागू आहे कीं नाहीं, हा प्रश्न विलायतेच्या सरदारसभेनें न्यायाधीशांपुढें ठेवला. १८२५ सालीं न्यायाधीशांनीं अभिप्राय दिला कीं, ती मर्यादा अशा ठिकाणीं लागू होत नाहीं. म्हणजे व्याजाचा जो प्रश्न पेढीच्या गळ्याशीं आला होता, त्यांत कायदा तिच्या बाजूचा निघाला; मात्र तो निघाला पेढी बुडाल्यावर! मेटकाफचा आक्षेप नीतीचा होता आणि तो खोटा ठरला असें नव्हे. तथापि व्यापारी दृष्टीनें पाहिलें तर पेढीची चूक उघड आहे. तिनें सरकारची मर्जी मिळविली, पण हक्क पक्का करून घेतला नाहीं. मर्जी ज्यानें दिली त्याला ती परतहि घेतां येते. हक्काचा निर्णय व्यवहारापूर्वीं करून घ्यावयाचा असतो, दिवाळें निघाल्यावर नव्हे.

पुढें कंपनीचें राज्य गेलें, तरी हद्दींचा गोंधळ संपला नाहीं. निजामाच्या मुलखांत ब्रिटिश छावण्यांपुरता एक अंमल, रेल्वेच्या पट्ट्यापुरता दुसरा, आणि बाकी मुलखांत निजामाचीं न्यायालयें, अशी वांटणी झाली. एका कोसाच्या प्रवासांत मनुष्याचा कायदा दोनदां बदलावा, असा तो प्रकार होता. सिमल्याच्या मॅजिस्ट्रेटाचें वॉरंट घेऊन आलेल्या पोलिसांनीं हैदराबाद संस्थानांतील शंकरपल्ली स्टेशनावर निजामाच्या एका प्रजाजनास पकडलें. हा वाद थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८९७ सालीं निकाल झाला कीं, रेल्वेच्या जागेवरील अधिकार निजामानें दिला तो रेल्वेच्या कारभारापुरता. ज्या गुन्ह्याचा रेल्वेशीं संबंध नाहीं त्यासाठीं तेथें केलेली अटक बेकायदेशीर होय. फलाटाची फरशी कोणाच्या मालकीची आणि कोणत्या कामापुरती, एवढ्या एका प्रश्नावर त्या मनुष्याचें स्वातंत्र्य अवलंबून होतें. वकिलाचें काम किती बारीक असतें याचें याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण आहे.

सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें, आणि २६ जानेवारी १९५० पासून छावणी, शहर व रेल्वे यांवर एकच राज्यघटना लागू झाली. हद्दीचा प्रश्न सुटला. परक्याचा प्रश्न उरला. त्याचें उत्तर घटनेनें दोन शब्दांत दिलें आहे. कांहीं कलमांत ‘नागरिक’ हा शब्द आहे, तर कांहींत ‘व्यक्ति’. भाषणाचें, संचाराचें, कोणताहि धंदा करण्याचें स्वातंत्र्य १९ व्या कलमाप्रमाणें नागरिकांचें आहे; परदेशी मनुष्याला तें मागतां येत नाहीं. परंतु कायद्यापुढील समानता १४ व्या कलमाप्रमाणें आणि जीवित व स्वातंत्र्य यांचें संरक्षण २१ व्या कलमाप्रमाणें प्रत्येक व्यक्तीस आहे. तेथें पारपत्राचा रंग पाहिला जात नाहीं. परदेशी मनुष्यास देशाबाहेर घालविण्याचा सरकारचा अधिकार फार व्यापक आहे, हें सर्वोच्च न्यायालयानें १९५५ सालींच स्पष्ट केलें. पण त्याला कायद्यावांचून कोंडून ठेवण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.

हा भेद आज शहरास पूर्वीपेक्षां अधिक जवळचा झाला आहे. छावणीपासून कांहीं मैलांवर, शहराच्या पूर्वेस, शेंद्रा येथें चेक देशांतील स्कोडा मोटारींच्या कारखान्याचें काम २००१ सालीं सुरू झालें. त्याच बाजूस पुढें कोरियाच्या ह्योसंग कंपनीनें लवचीक धाग्याचा कारखाना उभारला. शेंद्रा आणि बिडकीन मिळून ‘ऑरिक’ नांवाची औद्योगिक नगरी वसत आहे. अशा कारखान्यांबरोबर परदेशी अभियंते, यंत्र बसविणारे कारागीर, व्यवस्थापक आणि त्यांचीं कुटुंबें येतात. पामरच्या पेढीपुढें होते तेच तीन प्रश्न त्यांच्याहि पुढें असतात.

पहिला प्रश्न प्रवेशाचा. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी लोकांविषयींचे चार जुने कायदे जाऊन त्यांच्या जागीं २०२५ चा एकच नवा कायदा आला आहे. गेलेल्यांत १९३९ चा नोंदणीचा आणि १९४६ चा परदेशी नागरिकांचा कायदा हे दोन प्रमुख होते. व्हिसाची मुदत संपल्यावर राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊं शकतात. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्यानें सामान्यतः आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावयाची असते. हॉटेलमालकावर आपल्याकडे उतरलेल्या परदेशी पाहुण्याची वर्दी देण्याचें बंधन आहे. ज्या गृहस्थाच्या घरीं परदेशी पाहुणा राहतो त्यानेंहि हा नियम समजून घेतलेला बरा.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो व्हिसाच्या प्रकारांत. धंद्याची बोलणी करण्यासाठीं, माल पाहण्यासाठीं, कारखाना काढण्याच्या तयारीसाठीं जो येतो त्याचा व्हिसा वेगळा. येथें पगारावर अथवा कराराप्रमाणें काम करण्यास जो येतो त्याचा वेगळा. २००९ सालीं केंद्र सरकारनें हा भेद कडक केला, तेव्हां पहिल्या प्रकारच्या व्हिसावर येऊन प्रकल्पांवर राबणाऱ्या पुष्कळ परदेशी कामगारांना परत जावें लागलें. त्यांतील बहुतेकांचा दोष इतकाच कीं, कोणता कागद मागावा हें त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें.

दुसरा प्रश्न धंद्याचा. परदेशी कंपनीला येथें तीन-चार वाटांनीं येतां येतें. नुसतें संपर्क-कार्यालय काढलें तर त्याला येथें कमाई करतां येत नाहीं. तें फक्त मुख्य कंपनीचें तोंड आणि कान. शाखा काढली तर ठरवून दिलेले व्यवहार करतां येतात. एकाच ठेक्यापुरतें प्रकल्प-कार्यालय काढतां येतें. अथवा भारतीय कायद्याखालीं स्वतंत्र कंपनी नोंदवितां येते. पहिल्या तीन प्रकारांस १९९९ च्या परकी चलनाच्या कायद्याचे नियम लागतात. कंपनी-कायद्याप्रमाणें परदेशी कंपनीनें येथें धंद्याची जागा स्थापिल्यापासून तीस दिवसांच्या आंत आपली सनद, संचालकांचीं नांवें आणि नोटिसा स्वीकारण्यास येथें राहणाऱ्या एका माणसाचें नांव कंपनी-निबंधकाकडे द्यावयाचें असतें. हें शेवटचें नांव फार महत्त्वाचें. ज्या गांवचा मनुष्य त्या कंपनीवर दावा करील, त्याला नोटीस द्यावयास दाराशीं कोणी तरी असलें पाहिजे, हा त्यांतील हेतु आहे. कायदा परक्याचें रक्षण करतो, तसेंच परक्यापासून स्थानिकांचेंहि करतो. पामरच्या पेढीतील ठेवीदारांस असें संरक्षण असतें तर त्यांचें नुकसान कदाचित् कमी झालें असतें.

हें साह्य देणारा कोण? न्यायालयांत उभा राहणारा वकील, हिशेब पाहणारा सनदी लेखापाल आणि कंपनीचा सचिव, अशा तिघांचें हें काम असून प्रत्येकाचें क्षेत्र निराळें आहे. परदेशी वकिलानें येथें येऊन कचेरी थाटावी काय, हा वाद अनेक वर्षें चालला. १३ मार्च २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, परदेशी वकिलास येथें वकिली करतां येणार नाहीं. मात्र आपल्या देशाच्या कायद्यावर सल्ला देण्यासाठीं त्यानें अधूनमधून येऊन जाण्यास हरकत नाहीं. पुढें वकील-परिषदेनें यासंबंधीं नियम करून कांहीं दारें उघडलीं, तरी न्यायालयांतील काम भारतीय वकिलाकडेच राहिलें आहे.

तिसरा प्रश्न दाद मागण्याचा. त्याचें उत्तर याच शहरांत मिळालें. मुंबई उच्च न्यायालयाचें खंडपीठ येथें १९८१ पासून बसतें. २०२० सालीं साथीच्या दिवसांत नगर जिल्ह्यांतील मशिदींत उतरलेल्या २९ परदेशी नागरिकांवर व्हिसाच्या अटी मोडल्याचा आणि साथ पसरविल्याचा आरोप ठेवून गुन्हे नोंदविले गेले. देश परका, भाषा परकी, घरीं जाण्याचे मार्ग बंद, आणि बाहेर लोकमत खवळलेलें. अशा वेळीं त्यांच्यापाशीं होतें काय? एक वकील आणि ‘व्यक्ति’ हा शब्द. व्हिसानें नेमकी मनाई कशाची केली आहे, हें न्यायालयानें कागद उघडून पाहिलें. धार्मिक स्थळांना भेट देणें व प्रवचन ऐकणें वर्ज्य नाहीं, वर्ज्य आहे तें धर्मप्रचाराचें कार्य, आणि त्याचा पुरावा नाहीं, असें ठरवून २१ ऑगस्ट २०२० रोजीं ते गुन्हे रद्द केले गेले. लोकक्षोभाच्या काळीं बळीचा बकरा शोधला जातो, असा इशाराहि त्या निकालांत आहे.

दोनशें वर्षांपूर्वीं छावणीच्या फौजेला पैसा पुरविणाऱ्या श्रीमंत पेढीपाशीं गव्हर्नर-जनरलची मर्जी होती, आणि तरीहि ती बुडाली. २०२० सालच्या त्या २९ प्रवाशांपाशीं कोणाचीच मर्जी नव्हती, आणि तरीहि ते सुटले. पाहुण्याचा मान राखणें हा आपल्याकडील जुना धर्म आहे. परंतु त्या धर्माला कायद्याच्या कागदाची जोड असली म्हणजेच तो संकटाच्या वेळीं टिकतो. म्हणून परक्यास घरीं बोलावणाऱ्यानें, कामावर ठेवणाऱ्यानें, किंवा त्याच्याशीं भागीदारी करणाऱ्यानें पहिल्या दिवशीं एकच गोष्ट करावी: त्याचे कागद जाणत्याकडून पाहून घ्यावे. तो खर्च पहिल्या दिवशीं थोडा असतो; पुढें तो किती वाढतो हें पामरच्या ठेवीदारांस पुरतेपणीं कळलें होतें.