विकास की हवामान? भारताबाबतचे पाच गैरसमज

गैरसमज १ : अर्थव्यवस्था वाढली की कार्बन उत्सर्जनही तेवढ्याच वेगाने वाढते.

वस्तुस्थिती : देशांतर्गत उत्पादनाच्या दर रुपयामागे होणारे उत्सर्जन, म्हणजे उत्सर्जन तीव्रता, भारतात २००५ ते २०१९ या काळात ३३ टक्क्यांनी घटली. कमी विजेत तेवढेच काम करणारी साधने हे त्यामागचे एक कारण. ‘उजाला’ योजनेत सरकारी कंपनीने एलईडी बल्बची घाऊक खरेदी केली आणि २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. घरचे बिल आणि दिव्यांसाठी जळणारा कोळसा एकाच उपायाने कमी झाला.

गैरसमज २ : तीव्रता घटली, म्हणजे एकूण उत्सर्जन घटले.

वस्तुस्थिती : एकूण उत्सर्जन अजून वाढतेच आहे, फक्त अर्थव्यवस्थेपेक्षा कमी वेगाने. २०३० पर्यंत २००५ च्या तुलनेत ४५ टक्के घट हे भारताचे उद्दिष्टही तीव्रतेपुरतेच आहे. निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० हे वर्ष ठरवले आहे.

गैरसमज ३ : निम्मी वीजक्षमता बिगर-जीवाश्म झाली, म्हणजे निम्मी वीज स्वच्छ झाली.

वस्तुस्थिती : २०३० साठी ठरवलेला स्थापित क्षमतेचा ५० टक्क्यांचा टप्पा भारताने २०२५ मध्येच गाठला. यात सौर आणि पवन ऊर्जेबरोबर जलविद्युत व अणुऊर्जाही मोजली जाते. मात्र सौर प्रकल्प रात्री बंद असतो. वर्षभराच्या सरासरीत तो क्षमतेच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकीच वीज देतो. त्यामुळे प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे ७० टक्के वीज अजून कोळशावरच बनते.

गैरसमज ४ : स्वच्छ वीज गरीब देशाला परवडत नाही.

वस्तुस्थिती : राजस्थानातील भडला सौर पार्कच्या लिलावात २०१७ मध्ये प्रतियुनिट २.४४ रुपये दर मिळाला. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून कृषिपंपांना दिवसा वीज देण्यासाठी सौर प्रकल्प उभारले जात आहेत. अडचण वेगळी आहे. सौर प्रकल्पाला इंधनखर्च नाही, पण जवळजवळ सगळे भांडवल सुरुवातीलाच लागते. त्यामुळे व्याजदर जास्त असलेल्या देशात तोच प्रकल्प महाग पडतो. रात्रीसाठी वीज साठवायची, तर बॅटरी किंवा उदंचन जलविद्युत प्रकल्पांचा खर्चही त्यात येतो.

गैरसमज ५ : भारत जगातील तिसरा मोठा उत्सर्जक आहे, म्हणून जबाबदारीही श्रीमंत देशांइतकीच, हवामान निधी ही केवळ मदत.

वस्तुस्थिती : भारताचे दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन सुमारे दोन टन आहे. जागतिक सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक, तर अमेरिकेचे दरडोई उत्सर्जन सुमारे सातपट आहे. १९९२ च्या हवामान करारात समान, परंतु वेगवेगळ्या प्रमाणातील जबाबदारीचे तत्त्व मान्य झाले आणि विकसित देशांवर अर्थसाहाय्याचे बंधन आले. २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभारण्याचे वचन दोन वर्षे उशिरा पूर्ण झाले; त्यातील सरकारी निधीचा मोठा भाग कर्जाच्या रूपात होता. २०२४ मध्ये बाकू येथील हवामान परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे लक्ष्य ठरले. हे भांडवल किती व्याजाने मिळते, यावर विकसनशील देशांतील कोळशाकडून स्वच्छ ऊर्जेकडे जाण्याचा वेग मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे.