नक्षी नखावर, नखाभोवती नव्हे

नवरात्र जवळ आलं की साड्यांबरोबर हल्ली नखांनाही नऊ रंग लागतात. पार्लरमध्ये एका खेपेला जे पैसे मोजावे लागतात, त्यात घरातल्या चौघींची नखं सजतात, हे मुलींनी केव्हाच ओळखलं आहे. टूथपिक, केसांची पिन, सेलोटेप आणि नेलपॉलिशच्या दोन-तीन बाटल्या एवढ्या सामानावर काम भागतं. डॉक्टर म्हणून या हौसेला माझी हरकत नाही. फक्त नख कुठे संपतं आणि कातडी कुठे सुरू होते, याचं भान हवं.

आपल्याला दिसतं ते नख निर्जीव असतं. ते केराटिन या प्रथिनाचं बनलेलं असतं, म्हणूनच कापताना दुखत नाही. ते तयार करणाऱ्या जिवंत पेशी मुळाशी, कातडीखाली असतात. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. ते पूर्ण नवं यायला सुमारे ६ महिने लागतात. पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्षही लागतं. मुळाला इजा झाली, तर तिची खूण इतके दिवस मिरवावी लागते.

या मुळाशी कातडीची एक पातळ किनार नखाला चिकटलेली असते. तिला क्युटिकल म्हणतात. पाणी आणि जंतू आत शिरू नयेत म्हणून निसर्गाने लावलेली ही पट्टी आहे. नख लांबसडक दिसावं म्हणून ती कापली किंवा टोकदार वस्तूने मागे रेटली की फट पडते. मग दोन-तीन दिवसांत बोट लाल होतं, ठणकतं, पू धरतो. हेच ते नखुरडं. दिवसभर धुणी-भांड्यांमुळे ज्यांचे हात ओले असतात आणि ज्यांना मधुमेह आहे, त्यांना याचा त्रास अधिक. म्हणून किनार कापायची नाही आणि रंग तिच्यापासून केसभर अंतर राखून लावायचा.

आता नक्षीकडे वळू. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. आधी पारदर्शक थर द्या. त्यामुळे गडद रंगाने नख पिवळं पडत नाही. मग रंगाचे दोन पातळ थर, प्रत्येक नीट वाळवून. एकच जाड थर वरून सुकतो, आतून ओला राहतो आणि पहिल्याच धक्क्याला सुरकुततो. पिनेचं गोल टोक रंगात बुडवून टेकवलं की ठिपका उमटतो. पाच ठिपके आणि मधे एक, की फूल झालं. बारीक रेघा टूथपिकने ओढाव्यात. सरळ पट्टे हवे असतील, तर सेलोटेप आधी हाताच्या पाठीवर एकदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करा, मग वाळलेल्या रंगावर लावा. शेवटी पुन्हा पारदर्शक थर. खडे बसवायचे असतील, तर ते या ओल्या थरावरच ठेवावेत.

खड्यांसाठी झटपट चिकटणारा गोंद मात्र वापरू नका. हा गोंद कापसावर किंवा सुती कपड्यावर सांडला, तर रासायनिक क्रियेने इतका तापतो की कातडी भाजते. नेलपॉलिश आणि ते पुसायचं ॲसिटोन, दोन्ही चटकन पेट घेतात. तेव्हा हे काम खिडकीजवळ करावं. गॅस, समई आणि उदबत्तीपासून दूर. बाटल्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

साध्या नेलपॉलिशचीही काहींना ॲलर्जी असते आणि ती बहुधा भलत्याच जागी दिसते. पापण्या सुजतात, मान खाजते, बोटं मात्र ठीक असतात. पापणीची कातडी नाजूक, आणि नकळत बोट तिथे जातं. डोळ्यांत थेंब घालून दमलेल्या रुग्णाच्या रंगवलेल्या नखांकडे त्यामुळे आम्ही आधी पाहतो.

खरी काळजी वाटते ती ऑनलाइन मिळणाऱ्या जेलच्या संचांची. जेलमध्ये ॲक्रिलेट वर्गातली रसायनं असतात आणि ती दिव्याच्या अतिनील किरणांनी कडक होतात. कडक झाल्यावर ती फारशी त्रासदायक नसतात. कच्ची राहून कातडीला वारंवार लागली, तर ॲलर्जी होऊ शकते. बोटांची टोकं खाजतात, भेगाळतात, नख सुटू लागतं. ही ॲलर्जी सहसा जन्मभर राहते. याच वर्गातली रसायनं दातांत भरायच्या सिमेंटमध्ये आणि सांधा बदलताना हाडाला लावायच्या सिमेंटमध्येही असतात. म्हणजे विशीतल्या हौसेची किंमत साठीत मोजावी लागू शकते. युरोपीय संघाने २०२० साली नियम करून यातल्या हेमा या रसायनाची नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिक वापरापुरती मर्यादित केली. म्हणून माझा सल्ला सरळ आहे : घरी साधं नेलपॉलिश वापरा, जेलच्या वाटेला जाऊ नका.

आणखी एक. महिन्यातून चार-आठ दिवस नखं मोकळी ठेवा; नखांना श्वास हवा म्हणून नव्हे, ती नीट पाहता यावीत म्हणून. फिकट, चमच्यासारखं खोलगट नख लोहाची कमतरता सुचवतं; अशा वेळी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. एकाच नखावर काळी उभी रेघ उमटली आणि रुंदावत गेली, तर त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवावं. क्वचित तो कर्करोग असू शकतो. शस्त्रक्रियेला येताना नखं पुसूनच या. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरला गडद रंग चकवू शकतो, आणि नख निळं पडलं तरी आम्हाला ते दिसत नाही.

रंग उतरवल्यावर हात धुवा आणि नखांना, विशेषतः त्या किनारीला, खोबरेल तेलाचं बोट लावा. ॲसिटोनने आलेला कोरडेपणा त्याने कमी होतो.