बालकांतील मूत्रसंसर्ग : ‘उन्हाळी’ या निदानापाशी थांबू नये

मार्च सरत आला की यवतमाळ जिल्ह्यातील बहुतेक चिकित्सालयांत ‘लेकराला उन्हाळी लागली’ हे वाक्य दिवसातून अनेकदा कानी पडते. पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या आपल्या प्रदेशात ते बहुधा खरेही असते. शरीरातील जलांश घटला की मूत्र गडद, अल्प व दाहयुक्त होते. धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळा व विश्रांती एवढ्यावर बहुतेक बालकांना एक-दोन दिवसांत आराम पडतो. परंतु याच नावाखाली काही बालकांचा खरा मूत्रसंसर्ग झाकला जातो व त्याचे परिणाम वृक्कांवर होतात. म्हणून प्रारंभीच एक नियम सांगतो. उन्हाळी लागलेल्या बालकास ज्वरही असेल, तर मूत्रपरीक्षण होईपर्यंत त्या अवस्थेला उन्हाळी म्हणू नये. ‘दात येत आहेत’ या कारणासही हाच नियम लावावा.

पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांनुसार वयाच्या सातव्या वर्षापर्यंत सुमारे ८ टक्के मुलींना व २ टक्के मुलांना एकदा तरी मूत्रसंसर्ग होतो. दोन महिने ते दोन वर्षे या वयात, ज्वराचे अन्य कारण सापडत नसता, सुमारे ५ टक्के बालकांत तो मूत्रसंसर्गामुळे असतो. पहिल्या काही महिन्यांत मुलांत हा विकार अधिक आढळतो, पुढे मुलींत. पाचांपैकी चार रुग्णांत कारण ई. कोलाय हा जंतू असतो व तो बालकाच्या स्वतःच्याच आतड्यातून मूत्रमार्गात येतो. ज्वरासह झालेल्या संसर्गानंतर सुमारे १५ टक्के बालकांच्या वृक्कावर कायमचा व्रण राहतो. उपचारास ४८ तास वा अधिक विलंब झाला तर ही शक्यता वाढते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. असे व्रण विस्तृत असतील तर पुढे उच्च रक्तदाब व वृक्कदौर्बल्य यांस कारण होतात.

आपल्या ग्रंथांत मूत्रकृच्छ्राचे आठ प्रकार चरकांनी चिकित्सास्थानाच्या २६व्या अध्यायात सांगितले आहेत. सुश्रुताच्या उत्तरतंत्रातील ५८वा अध्याय मूत्राघाताचा व ५९वा मूत्रकृच्छ्राचा आहे. पित्तज मूत्रकृच्छ्राचे वर्णन, म्हणजे पीत वा सरक्त मूत्र, दाह, वेदना व वारंवार प्रवृत्ती, हे चार-पाच वर्षांच्या बोलत्या बालकास अगदी लागू पडते. न बोलणाऱ्या बालकाचे काय, याचा विचार काश्यपसंहितेच्या वेदनाध्यायात आला आहे. मूत्रत्यागाच्या वेळी वेदना, रोमांच, ओठ चावणे व बस्तिप्रदेशी हात नेणे ही तेथील लक्षणे आजही उपयोगी आहेत. तथापि हात हेतुपूर्वक बस्तीकडे नेण्याइतके बालक मोठे झाले असेल तरच ती दिसतात, हे आपण विसरतो. सहा महिन्यांच्या अर्भकात ‘कृच्छ्रता’ मुळीच दिसणार नाही. तेथे व्याधी ज्वराच्याच रूपाने समोर येतो. मूत्रकृच्छ्राची लक्षणे नाहीत म्हणून मूत्रवह स्रोतस निर्दोष मानणे हा ग्रंथांचा आधार नव्हे, ग्रंथांचे अपुरे वाचन आहे.

नवजात अर्भकात तर ज्वरही असेलच असे नाही. स्तनपान कमी होणे, मलूलपणा, वांती, वजन न वाढणे, लांबलेली कावीळ, क्वचित अंग थंड पडणे एवढेच आढळते. दोन वर्षांपर्यंत ज्वर, चिडचिड, वांती वा अतिसार ही लक्षणे असतात व पावसाळ्यात त्यांची गणना हिवताप किंवा अजीर्ण यांत होऊन जाते. मोठे बालक दाह, पोटदुखी सांगते, किंवा सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा सुरू होते. प्रत्येक मुलाच्या मातेस लघवीची धार कशी पडते हे विचारावेच. धार थेंब-थेंब वा क्षीण असेल तर मूत्रमार्गात जन्मजात पडद्याचा अडथळा असू शकतो व अशा बालकास त्याच दिवशी पुढे पाठवावे. मलावष्टंभाचा प्रश्न तर कधीही सोडू नये. भरलेले मलाशय बस्ती पूर्ण रिकामी होऊ देत नाही. शाळेत स्वच्छतागृहाची सोय नसल्याने दिवसभर लघवी रोखून धरणाऱ्या मुली आपल्या तालुक्यांत थोड्या नाहीत. मूत्रवेगधारण हे निदान येथे अक्षरशः लागू पडते. उलटपक्षी मुलीची तक्रार केवळ रात्री खाज सुटण्याची असेल तर आधी कृमींचा विचार करावा.

आता मूत्र घेण्याविषयी. आमच्या मते निम्मी गफलत येथेच होते. चिकटवण्याच्या पिशवीत घेतलेल्या मूत्रात त्वचेवरील जंतू मिसळतात. त्या नमुन्याची सामान्य तपासणी निर्दोष आली तर तिचा थोडा उपयोग आहे, परंतु कल्चरसाठी तो नमुना घेऊ नये. लंगोट पिळून घेतलेल्या मूत्राबद्दल तर बोलावयासच नको. गुह्यभाग साध्या पाण्याने धुवावा, मुलाची शिश्नत्वचा बळाने मागे ओढू नये, आणि मातेच्या मांडीवर बालक धरून निर्जंतुक डबीत मधली धार झेलावी. वर्षाच्या आतील बालकासाठी मेलबर्न येथील वैद्यकांनी २०१७ साली तपासलेली एक सोपी युक्ती आहे. थंड सलाइनमध्ये भिजवलेली गॉझ नाभीखाली बस्तिप्रदेशावर गोलाकार चोळत राहावे. पाच मिनिटांच्या आत ३१ टक्के बालकांनी मूत्रत्याग केला. नुसती वाट पाहिलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. खर्च काही नाही, आणि मातेलाही हे करता येते.

नमुना एका तासात प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे, अन्यथा तो शीतकपाटात ४ अंशांवर ठेवावा. तेथे तो २४ तासांपर्यंत चालतो. मे महिन्यात झरी-जामणी वा उमरखेडकडून एसटीने खिशात आणलेली डबी वाटेतच जंतूंची पेरणी ठरते. बर्फ घातलेला थर्मास एवढीच सोय पुरेशी आहे.

अहवाल वाचताना अपकेंद्रित मूत्रात प्रतिक्षेत्र पाचांहून अधिक पूयपेशी असल्यास संशय बळावतो. पट्टीवरील नायट्राइट चाचणी निर्दोष आली तरी अर्भकात तीवर विसंबू नये, कारण जंतूंना नायट्राइट तयार करण्यास मूत्र काही तास बस्तीत राहावे लागते व अर्भक ते राहू देत नाही. निश्चिती कल्चरनेच होते. मधल्या धारेच्या मूत्रात प्रति मिलिलिटर एक लाखाहून अधिक, व नळीने घेतलेल्या मूत्रात पन्नास हजारांहून अधिक वसाहती एकाच जंतूच्या असाव्यात.

उपचाराविषयी आमचे मत स्पष्ट आहे. ज्वरयुक्त मूत्रसंसर्गात प्रतिजैविक अनिवार्य आहे. नमुना घेताच, कल्चरच्या अहवालाची वाट न पाहता, बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने ते सुरू व्हावे. अर्भकांत व गुंतागुंतीच्या संसर्गात १० ते १४ दिवस, मोठ्या बालकाच्या साध्या संसर्गात ७ ते १० दिवस असा कालावधी भारतीय बालवृक्करोगतज्ज्ञांच्या २०११ च्या मार्गदर्शनात दिला आहे. तीन महिन्यांखालील बालक, काहीही पोटात न राहणारे किंवा मलूल बालक हे शिरेतून औषध देण्यासाठी रुग्णालयातच गेले पाहिजे. यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वणीकडील रुग्णांस चंद्रपूर व उमरखेडकडील रुग्णांस नांदेड सोयीचे पडते.

मग आपल्या औषधांचे कार्य काय? एक वर्षावरील बालकात षडंगपानीय, धने-वाळ्याचा हिम, गोक्षुर (शेताच्या बांधावरील आपले सराटे) व तृणपंचमूळ यांचा मूत्रल, पित्तशामक म्हणून सहायक उपयोग आम्ही करतो. दाह लवकर शमतो, बालक पाणी पिऊ लागते. परंतु या द्रव्यांनी लहान बालकातील जंतुसंसर्ग नष्ट होतो असे म्हणण्यास आवश्यक पुरावा आपल्यापाशी नाही. सहा महिन्यांखाली मातेच्या दुधाखेरीज वरचे पाणीही देऊ नये. मलावष्टंभात मनुका, आहारातील बदल व सौम्य अनुलोमन हे मात्र आपले बलस्थान आहे आणि वारंवार होणारा संसर्ग टाळण्यात त्याचे महत्त्व मोठे.

श्वेतपर्पटीबद्दल सावधगिरीची सूचना करतो. तिच्यातील सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. वांती होत असलेल्या, वृक्ककार्य अज्ञात असलेल्या बालकास पोटॅशियम धोक्याचे, आणि अर्भकात नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते. चंद्रप्रभा वटीत दंती, त्रिवृत व लोह-माक्षिक भस्मे आहेत. तापलेल्या लहान बालकासाठी ती नव्हे. उशीरासव-चंदनासवात स्वयंजनित मद्य असते.

औषधी विक्रेता बंधूंस एक विनंती. घाटंजी तालुक्यातून आमच्याकडे आलेल्या एका चौदा महिन्यांच्या मुलीस तीन आठवड्यांत दोन वेळा दुकानातून प्रतिजैविकाची बाटली मिळाली होती. प्रत्येक वेळी ताप तीन दिवसांत उतरला, औषध बंद झाले, आठवड्याने ताप परतला. मूत्र एकदाही तपासले गेले नव्हते, आणि आमच्याकडे आली तेव्हा दुसऱ्या बाटलीतील मात्रा सकाळीच दिलेली असल्याने कल्चर निष्फळ ठरले. पुढे सोनोग्राफीत एक वृक्क फुगलेला आढळला. सेफिक्झिमसारखी औषधे १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ मध्ये आहेत. लेखी औषधपत्राविना ती देता येत नाहीत व विक्रीची वेगळी नोंद तीन वर्षे जपावी लागते. लघवी अल्कधर्मी करणारी सिट्रेटची द्रावणे जळजळ शमवतात, संसर्ग नव्हे. चार दिवसांनी तीच बाटली मागायला माता परत आली तर तिला वैद्याकडे पाठवावे.

योग्य प्रतिजैविकाने ताप ४८ ते ७२ तासांत उतरला पाहिजे. न उतरल्यास अहवाल पुन्हा पाहावा व सोनोग्राफी तातडीने करावी. पहिल्या संसर्गानंतर सोनोग्राफी प्रत्येक बालकाची व्हावी. मूत्र उलटे वृक्काकडे चढते का हे पाहणारी नळीची तपासणी कोणास करावी, हे बालरोगतज्ज्ञ ठरवतील. बरे झालेल्या बालकाच्या पत्रावर आम्ही लाल शाईने ‘पुढील प्रत्येक तापात मूत्र तपासावे’ असे लिहितो व ते पत्र लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवण्यास मातेस सांगतो.