बांधकाम-सामग्रीतज्ज्ञ

स्थापत्य अभियांत्रिकीचे अध्यापन करीत असतानाच दगड, वाळू, सिमेंट, काँक्रीट, पोलाद इ. सामग्रीचे परीक्षण करून बांधकामाच्या सुरक्षिततेविषयी अभिप्राय देणारा तज्ज्ञ. विद्यापीठात तो पूर्वी अधिव्याख्याता, प्रपाठक व प्राध्यापक अशा क्रमाने चढत असे. पहिल्या दोन पदांना पुढे सहायक व सहयोगी प्राध्यापक अशी नावे मिळाली. महाराष्ट्रात या शिक्षणाची परंपरा पुण्यात १८५४ मध्ये बांधकाम खात्यातील दुय्यम अधिकाऱ्यांसाठी निघालेल्या वर्गापर्यंत मागे जाते. त्यातूनच अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले व २०२२ मध्ये त्यास विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

तज्ज्ञाचे काम खाणीपासून सुरू होते. शिरूर तालुक्यातील रांजणगावचा परिसर दख्खनच्या बेसाल्टी पठारावर आहे. येथे औद्योगिक वसाहत झाल्यामुळे जड यंत्रे पेलणारी बांधकामे आली. घट्ट बेसाल्टाची खडी उत्तम असते; परंतु सच्छिद्र किंवा झिओलाइटयुक्त थरांतील खडी कमी प्रतीची ठरते. एकाच खाणीत असे थर एकावर एक आढळत असल्याने प्रत्येक थराचा नमुना तपासावा लागतो.

काँक्रीटचे बळ सामान्यतः १५ सेंमी. बाजूचे घन २८ दिवस ओलसर ठेवून व नंतर दाबयंत्रात फोडून ठरवितात. तथापि ही चाचणी घनाची असते, बांधकामाची नव्हे. प्रत्यक्ष ओतताना जादा पाणी मिसळल्यास, दाबाई अपुरी राहिल्यास किंवा पाणी मारण्यात हयगय झाल्यास बांधकामाचे बळ घनाच्या बळापेक्षा कमी भरते. शंका आल्यास बांधकामातून दंडगोलाकार गाभे काढून तपासतात. भारतीय मानकानुसार (२०००) त्यांचे सरासरी बळ त्या वयासाठी अपेक्षित घनबळाच्या किमान ८५ टक्के व कोणत्याही एकाचे किमान ७५ टक्के असावे लागते.

दाबातील बळ पुरेसे असूनही धोका टळत नाही, कारण काँक्रीटचे ताणबळ दाबबळाच्या सुमारे एक दशांशच असते. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात १०३ मी. उंचीच्या कोयना धरणास उतार बदलतो त्या पातळीजवळ आडव्या भेगा पडल्या; नंतर धरणास मजबुती द्यावी लागली. म्हणून आकड्याबरोबरच नमुना कोठून, कोणी व कसा घेतला आणि बांधकामावर कोणते भार येणार, हेही तज्ज्ञाच्या अहवालात नमूद असावे लागते. याविना दिलेल्या प्रमाणपत्रावर विसंबणाऱ्यांचा जीव धोक्यात येऊ शकतो.