ऑप्टिकल फायबर केबल आणि कार्यालयीन संगणक जाळे

ऑप्टिकल फायबर केबल (प्रकाशीय तंतूंची केबल) ही काचेच्या अतिसूक्ष्म तंतूंमधून प्रकाशाच्या स्पंदांद्वारे माहिती वाहून नेणारी केबल आहे. कार्यालयांमध्ये ती प्रामुख्याने निरनिराळ्या मजल्यांवरील स्विच, सर्व्हर कक्ष आणि एकाच आवारातील इमारती परस्परांशी जोडण्यासाठी वापरली जाते. तेथून प्रत्येक संगणकापर्यंतचा टप्पा बहुधा तांब्याच्या केबलचा असतो. काच गंजत नाही व विद्युतचुंबकीय व्यत्ययाचा तिच्यातील प्रकाशावर परिणाम होत नाही. त्यामुळे अशा जाळ्याची विश्वासार्हता तंतूच्या क्षमतेइतकीच त्याची टोके, वळणे आणि मांडणी यांवर अवलंबून असते.

कार्यतत्त्व

तंतूच्या मध्यभागास गाभा व त्याभोवतीच्या काचेच्या थरास आवरण म्हणतात. गाभ्याचा अपवर्तनांक आवरणापेक्षा किंचित अधिक असल्याने ठरावीक कोनमर्यादेत शिरलेला प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने गाभ्यातूनच पुढे जातो. आवरणासह तंतूचा व्यास सामान्यतः १२५ मायक्रोमीटर असतो.

इतिहास

१९५४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील हॅरल्ड हॉपकिन्स आणि भारतीय वंशाचे नरिंदरसिंग कपानी यांनी तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पाठवल्याचे संशोधन प्रसिद्ध केले. मात्र त्या काळच्या काचेत प्रकाश थोड्याच अंतरात क्षीण होत असे. १९६६ मध्ये चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनी हा दोष मुख्यतः काचेतील अशुद्धींमुळे असल्याचे दाखवले आणि क्षीणन प्रतिकिलोमीटर २० डेसिबलपर्यंत आणल्यास दूरसंचार शक्य होईल असे प्रतिपादन केले. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी ही मर्यादा गाठली. काओ यांना २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रकार

सिंगल मोड तंतूचा गाभा सुमारे ९ मायक्रोमीटरचा असतो. त्यात १३१० किंवा १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात व तो अनेक किलोमीटर जाऊ शकतो. मल्टिमोड तंतूचा गाभा ५० किंवा ६२.५ मायक्रोमीटरचा असून तो इमारतीतील कमी अंतरांसाठी सोयीचा ठरतो. इथरनेटसाठी तांब्याच्या पीळदार जोड्यांच्या केबलची कमाल लांबी सर्वसाधारणपणे १०० मीटर असते, तर ओएम३ प्रकारच्या मल्टिमोड तंतूवर सेकंदाला १० गिगाबिट या वेगाने ३०० मीटरपर्यंत संदेशवहन करता येते.

क्षीणनाचा हिशेब

प्रत्येक मार्गासाठी किती क्षीणन चालेल याची मर्यादा ठरलेली असते. ओएम३ तंतूवरील वर उल्लेखिलेल्या ३०० मीटरच्या मार्गासाठी ती २.६ डेसिबल आहे. त्यांपैकी सुमारे १.१ डेसिबल काचेसाठी आणि १.५ डेसिबल जोडांसाठी गृहीत धरलेले असतात. म्हणजेच ३०० मीटर काचेपेक्षा काही मोजक्या जोडांना अधिक वाटा दिलेला आहे. ३ डेसिबल क्षीणन झाल्यास प्रकाशाची निम्मी शक्ती नष्ट होते. त्यामुळे एखादा जोड खराब असल्यास संपूर्ण मार्ग अस्थिर होऊ शकतो.

बिघाड आणि देखभाल

जोडाच्या टोकावरील धूळ हे बिघाडाचे एक प्रमुख कारण आहे. काही मायक्रोमीटरचा कणही सिंगल मोड तंतूच्या गाभ्याचा मोठा भाग झाकू शकतो. टोके एकमेकांत बसवताना हा कण समोरच्या टोकावर जातो व काचेवर ओरखडा पाडू शकतो. म्हणून जोडणीपूर्वी दोन्ही टोके विशिष्ट सूक्ष्मदर्शकाने तपासून स्वच्छ करतात आणि न वापरलेल्या टोकांवर टोपणे ठेवतात. केबल तीव्र वळणात दाबली गेल्यास प्रकाश गाभ्याबाहेर गळतो. बसवलेल्या केबलच्या वळणाची त्रिज्या तिच्या बाह्य व्यासाच्या किमान १० पट असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. तरीही उत्पादकाने दिलेली मर्यादा पाळणे आवश्यक असते.

एकूण क्षीणन प्रकाशशक्तिमापकाने मोजतात. ओटीडीआर हे उपकरण तंतूत प्रकाशस्पंद सोडून परत येणाऱ्या प्रकाशावरून दोषाचे अंतर सांगते. केबल बसवतानाची मोजमापे जपून ठेवल्यास नंतर झालेला बदल ओळखता येतो. तंतूतील प्रकाश अवरक्त असल्याने डोळ्यांना दिसत नाही, परंतु तो इजा करू शकतो; म्हणून चालू तंतूच्या टोकात पाहू नये.

पर्यायी मार्ग

महत्त्वाच्या स्विचना दोन केबलींनी जोडले जाते. दोन्ही केबल एकाच चरातून नेल्यास खोदकामात त्या एकदमच तुटू शकतात, त्यामुळे त्यांचे मार्ग वेगळे असणे आवश्यक असते. दुहेरी जोडणीमुळे जाळ्यात चक्र निर्माण होऊन संदेश अखंड फिरत राहण्याचा धोका असतो. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये विकसित केलेली स्पॅनिंग ट्री पद्धत एक मार्ग राखीव ठेवते व मुख्य मार्ग तुटल्यास तो खुला करते. राखीव मार्गातील दोष एरवी लक्षात येत नाही. यासाठी ठरावीक काळाने मुख्य मार्ग नियोजनपूर्वक बंद करून राखीव मार्गाची चाचणी घेतली जाते. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांवर खूणपट्टी आणि मार्गांचा अद्ययावत आराखडा असल्यास दुरुस्तीच्या वेळी चुकीची केबल काढली जाण्याचा धोका कमी होतो.